डेडस्टॉकमधली म्हैस

म्हशीनं एकदा डोळे मिचकावायचे म्हटलं तर चार चित्रं काढावी लागतात. उघडा डोळा, अर्धा मिटलेला, पूर्ण मिटलेला आणि पुन्हा अर्धा उघडलेला. शेपटीनं माशी हाकलायची असेल तर नऊ. आणि म्हैस उठून चालायला लागली, की माझा अख्खा दिवस गेला म्हणून समजा. चौदा वर्षं मी हे काम केलं. लग्नाकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर मी सांगायची, "चित्रं हलवते." समोरची बाई सहानुभूतीनं मान डोलवायची आणि पंगतीकडं वळायची.

आमचं ऑफिस शाहूपुरीत, पाण्याच्या मोटरींच्या दुकानावर. शाळांसाठी संगणकावर चालणारे धडे आम्ही करायचो आणि सीडीवर घालून विकायचो. मालक, चित्रं काढणारी मी, त्या चित्रांत जीव घालणारा प्रोग्रामर सलीम मुजावर, आणि येऊन-जाऊन असणारी चार माणसं. खाली मोटरींची चाचणी सुरू झाली की वर आमच्या धड्यातल्या परीच्या आवाजात घरघर शिरायची. आवाजाचं रेकॉर्डिंग आम्ही सोमवारी करायचो, कारण सोमवारी खालचं दुकान बंद.

'दूध कुठून येतं?' हा आमचा पहिला गाजलेला धडा. त्यात मी गाय काढली होती. पांढरीशुभ्र, गळ्यात घंटा. कागलकडचे एक मुख्याध्यापक नमुना बघायला आले, खुर्चीत बसले आणि पडद्याकडं बोट दाखवून म्हणाले, "अवो ताई, ही काय हाय?"

"गाय."

"ती दिसतीया. पर आमच्या डेअरीला रोज सकाळी जातंय ते म्हशीचं दूध. पोरं हसतील की!"

मी तणतणत म्हैस काढली. पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. "शिंगं अशी नसत्यात. ही म्हस आमची न्हाय, कुठनं तरी परमुलखातनं आल्यासारखी दिसती." एवढ्यावर न थांबता त्यांनी मला गावी नेलं, गोठ्यात एका म्हशीसमोर स्टूल टाकून बसवलं आणि शाळेत निघून गेले. मी आणि ती म्हैस तासभर एकमेकींकडं बघत बसलो. त्या तासात मी जी म्हैस काढली तिच्यासारखं चित्र मला पुन्हा जमलं नाही. तिच्या अंगावर संगणकाचा बाण नेला की ती मान वळवून तुमच्याकडं बघायची आणि मग सावकाश डोळे मिचकावायची. पोरं वेडी व्हायची तिच्यासाठी.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं रामायण कळायचं नाही. आमची सगळी चित्रं एका सॉफ्टवेअरवर हलायची. त्याचं खरं नाव इथं नको. ऑफिसात आम्ही त्याला 'फिरकी' म्हणायचो. फिरकीत धडा तयार झाला की त्याची बघायची प्रत निघायची आणि आमच्याकडं मूळ फाइल राहायची. बघायची प्रत म्हणजे भाजलेली भाकरी. खाता येते, पण मोडून पुन्हा गोळा करता येत नाही. बदल करायचा तर पीठ हवं, म्हणजे मूळ फाइल.

त्या पिठाला आम्ही कुलूप लावलं होतं. ती कल्पना माझी. झालं असं, की हातकणंगल्याच्या स्टेशनवर एक गुरुजी भेटले आणि कौतुकानं म्हणाले, "लई झ्याक सीडी, ताई! मी सगळ्या तालुक्याला कॉपी करून वाटली." एक सीडी विकली गेली होती आणि तालुकाभर म्हैस डोळे मिचकावत होती. मी तावातावानं ऑफिसात आले आणि मालकांना म्हणाले, कुलूप पाहिजे. सलीमनं मग बोटाएवढा एक प्लग शोधून आणला. संगणकाच्या मागं प्रिंटरची रुंद खाच असायची, त्यात तो प्लग खोचला तरच सीडी चालायची. मूळ फाइलीही आम्ही त्याच कुलपाखाली ठेवल्या, कारण समोरच्या गल्लीत दुसरी एक कंपनी निघाली होती. गिऱ्हाइकाला आम्ही छातीठोकपणे सांगायचो की प्रत्येक शाळेचा प्लग वेगळा. खरं तर सगळे प्लग एकसारखेच होते, वेगवेगळे करायचा सलीमला कंटाळा आला होता.

पुढं सीड्या मागं पडल्या. मालकांनी धड्यांच्या बघायच्या प्रती इंटरनेटवर मोकळ्या ठेवल्या, जाहिरात म्हणून. आणि त्याच सुमारास भारी फोन बनवणाऱ्या एका मोठ्या परदेशी कंपनीनं जाहीर केलं, की आमच्या फोनवर आणि टॅबवर फिरकी चालू देणार नाही, ती बॅटरी खाते आणि बोटानं चालवायला बनलेली नाही. मालकांनी पेपरातली ती बातमी वाचून दाखवली आणि पेपरची घडी केली. "चार शहाण्यांच्या हातातले फोन. आपलं गिऱ्हाईक झेडपीची शाळा. आपल्याला काय करायचंय?" आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहा सांगितला. तीन वर्षांत आमचं ऑफिस बंद झालं. नव्या शाळांना टॅबवर चालणारे धडे हवे होते, हळूहळू बाकीच्या कंपन्यांनीही फिरकीला दार दाखवलं, आणि आमच्याकडं फिरकीशिवाय काही नव्हतं. संगणक, प्लग, तारा, सगळं भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेलं. मूळ फाइलींच्या डिस्क तेवढ्या मी घरी आणल्या आणि लोकरीच्या कपड्यांखाली ठेवल्या.

मग एका सकाळी चंदगड तालुक्यातून गावडे गुरुजींचा फोन आला. डोंगरातली चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक. आमची सीडी त्यांनी इतकी वापरली होती की तिच्यावर चरे पडले होते. संगणक कधीच मेला होता. गुरुजींचा आवाज आनंदानं फुटत होता. गावचेच एक नलवडे म्हणून, कोल्हापुरात त्यांची फौंड्री, त्यांनी शाळेला बारा टॅब आणि इंटरनेटचं डबडं द्यायचं कबूल केलं होतं.

"मी त्यास्नी सांगितलंय, धडे आमच्याकडं हाईत, फकस्त पडदा न्हाय. ताई, तुमचे नेटवरचे धडे टॅबवर चालतील न्हवं?"

"चालतील की! न चालायला काय झालं?" मी म्हणाले.

कोणत्या कंपनीचे टॅब, हे मी विचारलं नाही. चौदा वर्षं या धंद्यात काढलेल्या बाईनं एवढा एक प्रश्न विचारायला हवा होता. पण आपली म्हैस पुन्हा चालणार म्हटल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही.

समारंभाला मी प्रमुख पाहुणी. शाळेसमोर मांडव, पोरांच्या अंगावर धुतलेले गणवेश, नारळ, हार. नलवडे पांढऱ्या सफारीत, मोजकं बोलणारे गृहस्थ. भाषणात म्हणाले, "मी देतो ते वापरात असलं पायजे. कपाटात ठेवायला द्यायला मला याड लागलेलं न्हाय." टाळ्या पडल्या. बारा टॅब पोरांच्या हातात गेले. गुरुजींनी धड्याचं पान उघडायला सांगितलं आणि मी हात बांधून, कौतुकाचं हसू तयार ठेवून उभी राहिले.

बाराच्या बारा टॅबवर एक करडा चौकोन आला. मधोमध एक छोटी खूण. बाकी काही नाही.

पुढच्या रांगेतली एक मुलगी त्या चौकोनावर बोट घासत म्हणाली, "गुरुजी, म्हस कुठं गेली?"

मी टॅब उलटा करून कंपनीची खूण बघितली. तीच कंपनी. नलवड्यांनी कौतुकानं बाजारातले सगळ्यात भारी टॅब आणले होते आणि नेमक्या त्यांनाच फिरकी चालत नव्हती. मी मांडवात उभी राहून समजावायला गेले, की वस्तू चांगली आहे, धडेही चांगले आहेत, पण ज्यानं वस्तू केली त्यानं धड्याला मज्जाव केलाय. नलवडे शांतपणे ऐकत होते.

"म्हणजे मी इकत घेतलेल्या वस्तूत काय चालवायचं ते त्यो ठरवणार?"

"होय."

"आन् ह्ये तुमास्नी ठावं हुतं?"

गावडे गुरुजींच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. त्यांनी ज्याला शब्द दिला होता तो माणूस सगळ्या गावादेखत टोपी हातात घेऊन उठला होता. जाताना नलवडे म्हणाले, "एक महिन्यानं येतो. चालू झालं तर ऱ्हाऊ द्या. न्हायतर माझ्या फौंड्रीजवळ एक शाळा हाय, तिला देतो. तिथं वापर तरी हुईल."

कोल्हापूरला आल्या आल्या मी सलीमला गाठलं. तो आता एका इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होता. मी त्या कंपनीला मनसोक्त शिव्या घातल्या. स्वतःची पोळी भाजायला दुसऱ्याचं दार बंद करतात, म्हटलं. सलीमनं ऐकून घेतलं आणि कपाटातून दुसऱ्या कंपनीचा एक टॅब काढला, जो अजून फिरकी चालू द्यायचा. त्यावर त्यानं माझी म्हैस लावली. ती दोन पावलं चालली, शेपूट वर करून तशीच थांबली, आणि टॅब असा तापला की मी तो मांडीवरून खाली ठेवला. बॅटरी बघता बघता निम्मी झाली.

"आता बोला," सलीम म्हणाला.

"मग तसं सांगावं! 'ताई, हे चालवलं तर बॅटरी खाईल' असं लिहावं. मला चालवायचं तर मी चालवीन, नाहीतर नाही. दारच बंद करायचं म्हणजे काय?"

"आणि बोटाचं काय? आपली म्हैस बाण अंगावर आला की मान वळवते. टॅबला बाण कुठला? बोट टेकतं, नाहीतर नसतं. त्यांचं सगळंच खोटं नव्हतं, ताई."

"सगळंच खोटं नव्हतं म्हणून सगळंच खरं होतं का?"

असं आमचं तासभर चाललं. शेवटी सलीम म्हणाला की भांडून म्हैस चालायची नाही. कुणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली एक नवी पद्धत आली होती, ती सगळ्या टॅबवर चालायची. धडे त्या पद्धतीत उतरवता येतील. "मूळ फाइली आहेत ना?"

मी विजयी मुद्रेनं डिस्क टेबलावर ठेवल्या. सलीमनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आणि प्लग?"

प्लग भंगारात गेले होते. सगळेच्या सगळे. आणि प्लगशिवाय ती फाइल उघडणार नाही, अशी सोय सलीमनं माझ्याच हट्टापायी इतकी चोख केली होती की त्याची त्यालाही फोडता येईना. परदेशातल्या त्या कंपनीनं मला अडवलं म्हणून मी गावभर ओरडत होते, आणि इथं माझ्याच म्हशीला मीच दावणीला बांधून किल्ली भंगारात टाकली होती. सलीम भला माणूस, तो फक्त म्हणाला, "चहा सांगू का?"

दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी गुरुजींना फोन करून खरं काय ते सांगून टाकावं म्हटलं. माफी मागितली. कुलपाची हकिगत सांगितली. प्लग असा असा, बोटाएवढा, मागं खोचायचा, तो असता तर काहीतरी जमलं असतं.

मग गुरुजी म्हणाले, "त्यो काळा? दोन्ही बाजूला इस्क्रू असलेला?"

"होय. तुम्हाला आठवतोय?"

"आठवतोय म्हंजे? हाय की इथं."

झेडपीच्या शाळेत डेडस्टॉक रजिस्टर नावाचं एक प्रकरण असतं. कागदोपत्री जडसंग्रह नोंदवही. शाळेला मिळालेली प्रत्येक टिकाऊ वस्तू तिच्यात चढते. घंटा, टेबल, घमेलं, पृथ्वीचा गोल. एकदा चढली की वस्तू मोडो, गंजो, तिला उंदीर लागो, वरून निर्लेखनाचा, म्हणजे नोंद काढून टाकायचा, आदेश आल्याशिवाय ती टाकता येत नाही. आदेश सहसा येत नाही. तपासणीला साहेब आले की मोडक्या खुर्चीचे चारी पाय मोजून दाखवावे लागतात. शाळाशाळांतून फिरताना या अडगळीच्या खोल्यांची मी किती टिंगल केली असेल! आमच्या चकचकीत ऑफिसानं एका दुपारात सगळं भंगारात घातलं होतं. आणि डोंगरातल्या त्या दोनशिक्षकी शाळेत, आमच्या सीडीच्या खोक्यासकट, मेलेला संगणक आणि कुलपाचा प्लग नीट जपून ठेवलेला होता, कारण त्याच्यावर नंबर पडला होता.

सलीम आणि मी दुसऱ्याच दिवशी चंदगड गाठलं. गुरुजींनी कपाटातून रुमालाची पुरचुंडी काढून सोडली. प्लगच्या अंगावर पांढऱ्या रंगानं त्यांनी स्वतः नोंदीचा आकडा घातला होता. नव्या संगणकांना ती रुंद खाच नसते, म्हणून जुना संगणकही लागणार होता, तो पोत्यातून बाहेर आला. सलीमनं सायकलच्या पंपानं त्यातली धूळ उडवली, एक भाग बदलला, आणि पाचव्या प्रयत्नाला पंखा गुरगुरला. पण सरकारी वस्तू अशी शाळेबाहेर जाऊ शकत नव्हती. गुरुजींनी दोन प्रतींत पावती केली, 'तात्पुरत्या वापरासाठी', आणि माझी सही घेतली. पोत्यात भरलेला संगणक एसटीच्या मागच्या बाकड्याखाली सरकवताना कंडक्टरनं विचारलं, "ह्यात काय हाय, ताई?"

"म्हैस," मी म्हणाले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं होतं.

सलीमच्या घरी त्यानं प्लग खोचला, आणि मूळ फाइल उघडली. सगळे प्लग सारखे करण्याचा त्याचा आळस असा उपयोगी पडला. एकेक चित्र सुटं होऊन पडद्यावर आलं. मी पाच वर्षांनी माझ्या म्हशीचा डोळा बघत होते, उघडा, अर्धा, मिटलेला, अर्धा. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. सलीमच्या बायकोनं मुकाट्यानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

उरलेले तीन आठवडे आम्ही राबलो. त्रेसष्ट धड्यांतले नऊच झाले. बाणाच्या जागी बोट आलं, तेव्हा म्हशीनं कधी वळून बघायचं ते नव्यानं ठरवावं लागलं. तिच्या नाकावर बोट टेकलं की ती बघेल, असं मी केलं. आणि एक गोष्ट मी सलीमला पहिल्याच दिवशी सांगितली. या वेळी कुलूप नाही. ज्याला हवं त्यानं न्यावं, तालुक्याला वाटावं. सलीमनं भुवया उंचावल्या आणि कामाला लागला.

महिना भरला त्या दिवशी नलवडे आले ते मांडव-हार काही नसताना, नुसतेच वर्गात येऊन मागच्या बाकावर बसले. पोरांनी टॅब उघडले. करडा चौकोन नाही; हिरवं रान आलं, गोठा आला, आणि म्हैस रवंथ करत उभी राहिली. कुणी काही सांगायच्या आत त्या पहिल्या दिवशीच्या मुलीनं तिच्या नाकावर बोट टेकवलं. म्हशीनं मान वळवली, सावकाश डोळे मिचकावले, आणि वर्गात असा कल्ला झाला की शेजारच्या वर्गातले मास्तर धावत आले.

नलवड्यांनी एक टॅब मागून घेतला. त्यांनीही बोट टेकलं. एकदा, दोनदा. "आमच्या आईची म्हस अशीच बघायची," ते म्हणाले आणि टॅब पोराला परत दिला. "ऱ्हाऊ द्या हितंच." गुरुजी खिडकीकडं तोंड करून उभे राहिले आणि उगाचच डस्टर झटकू लागले.

मला आजही कुणी विचारतं, कंपन्यांनी अशी दुसऱ्याची वस्तू अडवावी का? माझं उत्तर ठरलेलं आहे. अडवू नये. दोष असतील तर ते सांगावेत, मोठ्या अक्षरांत सांगावेत आणि निवड घेणाऱ्यावर सोडावी. त्यानं पैसे मोजलेत, तो काही दूधखुळा नसतो. पण हे ठणकावून सांगताना माझा आवाज पूर्वीइतका चढत नाही. कुलूप लावणारा हात कसा असतो, हे मला घरचंच ठाऊक आहे. फिरकी पुढं सगळीकडूनच गेली आणि आमचे उरलेले चोपन्न धडे उतरवायचे राहिले, ते राहिलेच. त्याची हळहळ आहे.

त्या दिवशी निघण्यापूर्वी मी पिशवीतून प्लग काढून गुरुजींच्या टेबलावर ठेवला. संगणक सलीमनं आधीच पोत्यात घालून जागेवर नेला होता. गुरुजींनी रजिस्टर उघडलं, पावतीशी आकडा ताडून बघितला आणि 'परत मिळाले' लिहून माझ्यापुढं सरकवलं. मी सही केली.

"गुरुजी, आता याचं काही काम उरलं नाही. नव्या धड्यांना कुलूपच नाही, आणि जुन्या फाइलींचंही सलीमनं काढून ठेवलंय. टाकून दिला तरी चालेल."

गुरुजींनी प्लग रुमालात ठेवला, रुमालाला दोन गाठी मारल्या आणि पुरचुंडी कपाटात पृथ्वीच्या गोलामागं सरकवली.

"असू दे, ताई," ते म्हणाले. "त्या कंपनीवाल्यांचा काय नेम हाय? लागंल परत."